बेवारस सर्व्हरांचा बंदोबस्त

आमच्या ऑफिसातलं टेस्ट मशीन त्या फेब्रुवारीत इतकं तापलं, की त्याच्या खोलीवरच्या छपराचा बर्फ वितळला, ते पाणी खालच्या तळ्यात गेलं, तळ्याच्या गोठलेल्या पाठीला मधोमध भोक पडलं आणि दक्षिणेला गेलेली बदकं वसंत आला असं समजून परत आली. कंपनी हे मान्य करत नाही. कंपनीचं म्हणणं, मशीन जरा बिझी होतं. पण बदकं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यातल्या एकाने तर काचेतून माझ्याकडे असं पाहिलं, की फसवणुकीचा जाब मलाच द्यायचाय.

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीतला फेब्रुवारी ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी भोगला नाही त्यांना पटणार नाही. इथे गाडीत शिंक आली तर आधी ती काचेवरून खरवडून काढतात, मग रुमाल शोधतात. अशा गावात एखादं मशीन तापतं म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी भलतंच चाललंय, हे ओळखायला मोठा तज्ज्ञ लागत नाही. मी पुरतो.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणता डॉक्टर करणार, हे ते सॉफ्टवेअर ठरवतं. एकाच टेबलावर एकाच वेळी दोन गुडघे येऊ नयेत, याची काळजी घ्यायच्या मावशींच्या टेस्ट. मावशी म्हणजे मूळच्या डोंबिवलीच्या, साठीला टेकलेल्या, आवाज असा की पार्किंगमधल्या गाड्या रिमोटशिवाय सुरू व्हाव्यात. मजल्यावरच्या सगळ्या मराठी लोकांच्या त्या मावशी होत्या आणि बघता बघता बाकीच्यांच्याही झाल्या. आमचे साहेब पिढ्यान्‌पिढ्यांचे मिनेसोटाकर, दारातून वाकून येणारे, एका वाक्यात चारपेक्षा जास्त शब्द घालणं उधळेपणा मानणारे. तेही त्यांना ‘मौशी’ म्हणायचे आणि ते त्यांचं पाळण्यातलं नाव आहे अशा समजुतीत सुखी होते.

आता टेस्ट म्हणजे काय ते सांगतो. आपलं मंडळ गुढीपाडव्याला शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतं की नाही? खुर्च्या मांडायच्या, माइक लावायचा, कार्यक्रम करायचा आणि निघताना खुर्च्या रचून, दिवे मालवून, किल्ली परत द्यायची. मावशींची प्रत्येक टेस्ट हेच करायची. आपल्यापुरता एक छोटा डेटाबेस सर्व्हर सुरू करायची, म्हणजे नोंदी ठेवायला एक कारकून बसवायची. त्याच्यापुढे खोटे पेशंट, खोटे डॉक्टर, खोटे गुडघे आणून कार्यक्रम करायची. सगळं नीट झालं तर हिरवा निकाल, नाही तर लाल. आणि निघताना कारकुनाला घरी पाठवून, सर्व्हर बंद करून जायची. एकीचा सर्व्हर दुसरीने वापरायचा नाही, हा मावशींचा कडक नियम. अशा शेकडो टेस्ट आम्ही सगळे त्या एकाच मशीनवर दिवसभर चालवायचो. जागेवरून उठताना आपली चालू टेस्ट थांबवून उठायचं, म्हणजे दुसऱ्याला जागा मिळते, अशी पद्धत.

आणि त्या टेस्ट महिनाभर लाल होत होत्या. कारण काही नाही. सकाळी हिरवी असलेली टेस्ट दुपारी लाल, तीच पुन्हा चालवली की हिरवी. लोक म्हणायला लागले, मावशींच्या टेस्टचं काही खरं नाही.

त्या सोमवारी साहेब मावशींच्या टेबलापाशी आले. मिनेसोटाचा माणूस वाईट बातमी द्यायच्या आधी हवेबद्दल बोलतो. साहेब हवेबद्दल बोलले, मग वाऱ्याबद्दल बोलले, मग त्यांच्या ड्राइव्हवेवरच्या बर्फाबद्दल बोलले. शेजारच्या टेबलावर मी कान टवकारले. बातमी फारच वाईट होती. शुक्रवारी मीटिंग. टेस्ट विश्वासाच्या आहेत असं तोवर दिसलं नाही, तर त्या काढून टाकायच्या आणि बाहेरून एक तयार टूल घ्यायचं. मावशींनी मग मदतीची पानं लिहायची.

साहेब गेल्यावर मावशी स्क्रीनकडे वळल्या.

“म्हणजे आता मी ‘हे बटण दाबा, ते बटण दाबा’ लिहीत बसायचं?” त्या म्हणाल्या. एरवी त्यांचा आवाज तळ्यापलीकडे जायचा. हे वाक्य माझ्यापर्यंत कसंबसं पोचलं.

“असं काही होणार नाही मावशी.”

“माझ्या टेस्ट खोटं बोलत नाहीत रे. लाल म्हणाल्या तर काहीतरी लाल आहेच. काय आहे ते सापडत नाहीये, एवढंच.”

“ते मी शोधतो. शुक्रवारपर्यंत हे मशीन असं स्वच्छ करून देतो, की तुम्हाला त्यात तोंड दिसेल.”

“तोंड बघायला घरी आरसा आहे. मला टेस्ट हिरव्या दिसू देत.”

मी लगेच कामाला लागलो. लगेच म्हणजे जेवण झाल्यावर. मशीनच्या पोटात डोकावलो आणि काय सांगू! गच्च भरलेलं. सर्व्हरच सर्व्हर. कार्यक्रम केव्हाच संपलेले, माणसं घरी गेलेली, आणि हे कारकून मात्र दिवे लावून, वह्या उघडून, कुणीतरी येईल म्हणून बसलेले. काही तर इतके जुने, की त्यांच्या दाढ्या टेबलाखालून बाहेर आल्या होत्या. एवढ्या गर्दीत नव्या टेस्टने सर्व्हर मागितला की मशीन म्हणायचं, जागा नाही. सर्व्हर नाही तर टेस्ट लाल.

माझ्या पलीकडे आमचा नागपूरकर बसतो. मनाने सोन्याचा, हाताने बुलडोझर. त्याला दाखवलं.

“अबे, काहून टेन्शन घेऊन राहिला?” तो म्हणाला. “मी साफ करतो ना रोज.”

“रोज?”

“रोज! मशीन स्लो झालं का एक कमांड मारतो. सारे सर्व्हर खल्लास. फुल झाडू.”

“सारे म्हणजे? ज्यांच्यावर टेस्ट चालू आहेत ते पण?”

“आता झाडू मारताना कोणी एकेका काडीले विचारते का भाऊ, तू कचरा आहे का म्हणून?”

मी डोक्याला हात लावला. म्हणजे आधी बेवारस सर्व्हरांनी जागा अडवायची म्हणून टेस्ट लाल, आणि मग या महापुरुषाने चालू कार्यक्रमात स्टेजच उचलायचं म्हणून उरलेल्याही लाल. शिवाय त्याची कमांड सगळ्यात कडक. सर्व्हरला चष्मा काढायचीही सवड न देणारी. असा मारलेला सर्व्हर आपलं कुलूप, म्हणजे ‘ही जागा माझी’ असं सांगणारी फाइल, तशीच ठेवून जातो, त्याने धरलेली मेमरी तशीच अडकून राहते, आणि पुढचा सर्व्हर त्या कुलपावर डोकं आपटतो.

“आजपासून तुझा झाडू बंद,” मी म्हणालो. “आता मी शास्त्रशुद्ध झाडू लिहितो.”

“लिही बाप्पा. पण लवकर लिही, मशीन लय हळू चालून राहिलं.”

मी लिहिला. असा प्रोग्रॅम ईडन प्रेरीत पूर्वी लिहिला गेला नव्हता आणि पुढेही जाणार नाही. नियम अगदी साधा. जो सर्व्हर एका तासापेक्षा जास्त वेळ चालू आहे तो बेवारस. टेस्ट पाच-दहा मिनिटांत आटपतात, मग तास झाला तरी बसलेला कोण असणार? मंगळवारी सकाळी चालवला. मशीन लख्ख. पंख्यांचा आवाज थांबला, छपरावर पुन्हा बर्फ धरला, बदकं शिव्या देत दक्षिणेला निघाली. मी कॉफी घेऊन मजल्यावरून असा चाललो, जसा नवा निवडून आलेला नगरसेवक चालतो.

तेवढ्यात मावशींची हाक आली.

“इकडे ये.”

त्यांच्या स्क्रीनवर एक टेस्ट लाल होती. एकच, पण ती त्यांची लाडकी. वर्षभराच्या अपॉइंटमेंट एकामागून एक टाकून बघणारी, सकाळी सुरू केली की जेवणापर्यंत चालणारी. दोन गुडघे एका टेबलावर येतात की नाही, हे खरं कळायचं ते तिच्यातूनच. शुक्रवारी साहेबांना दाखवायला मावशींनी तीच निवडली होती. माझ्या झाडूने तिचा सर्व्हर मधेच काढून नेला होता.

“हिला का मारलंस?”

“तास होऊन गेला होता मावशी. म्हटलं, जुना आहे म्हणजे...”

मावशींनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“वय बघून मारतोस होय रे? मग मलाही घाल त्यात. या मजल्यावर माझ्याहून जुनं कोण आहे?”

पलीकडे नागपूरकराने टायपिंग थांबवलं. मी कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

“जुनं असणं हा गुन्हा नाही,” मावशी म्हणाल्या. “त्याचा धनी जिवंत आहे का ते बघ. ज्या टेस्टने त्याला बसवलं ती अजून चालू आहे का? असेल, तर कितीही म्हातारा असू दे, हात लावायचा नाही. धनी गेला असेल, तर आत्ता जन्मलेला असला तरी आवरून ठेव. आणि आवर म्हणजे आवर. त्या झाडूवाल्यासारखं मुंडकं उडवू नकोस. आधी सांग, वेळ दे, नाहीच ऐकलं तर मग बघ.”

“मी अगदी हेच म्हणणार होतो.”

“हो ना? मग बस आणि लिही. मी इथेच आहे.”

बुधवारी मी दुसरा झाडू लिहिला. याच्यापुढे पहिला म्हणजे शिमग्यातली पिपाणी. आता प्रत्येक टेस्टने सर्व्हर सुरू केला की त्याच्या फोल्डरमध्ये आपला प्रोसेस नंबर ठेवायचा. मशीनवर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीला असा एक नंबर असतो. झाडू एकेका सर्व्हरपाशी जाऊन विचारणार, बाबा रे, तुला कुणी बसवलं? त्या नंबरचं कुणी चालू असेल तर नमस्कार करून पुढे. नसेल तर सर्व्हरला सभ्य निरोप: कार्यक्रम संपला, वही मिटा, कुलूप काढा, या आता. बहुतेक जण लगेच उठायचे. एखादा हटून बसला तर थोडं थांबून त्याला खुर्चीसकट बाहेर. मग त्याचं फोल्डर पुसून टाकायचं.

चालवला. बेवारस सगळे गेले, आणि मावशींची ती वर्षभराची टेस्ट भर गर्दीत आपल्या म्हाताऱ्या सर्व्हरसकट तशीच चालू राहिली. मावशी माझ्या पाठीमागे उभ्या राहून तिचा आकडा पुढे सरकताना बघत होत्या. जेवणाच्या वेळेला ती हिरवी झाली.

“बरं आहे,” मावशी म्हणाल्या. डोंबिवलीत याला शाल-श्रीफळ म्हणतात.

पण मावशी हसल्या नाहीत.

“हे झालं निस्तरणं,” त्या म्हणाल्या. “हे बेवारस येतात कुठून? साहेब हेच विचारणार. माझ्या टेस्ट मागे कचरा ठेवून जातात म्हणजे दोष माझ्याच टेस्टांचा, असंच म्हणेल ना कुणीही? मी स्वतः म्हणेन.”

बरोबर होतं. मावशींच्या प्रत्येक टेस्टच्या शेवटी आवराआवरीचा कोड होता, तोही त्यांच्या पद्धतीचा, म्हणजे पलंगाखालची धूळसुद्धा काढणारा. मी तो ओळ न्‌ ओळ वाचला. एक चूक सापडेल तर शपथ. मधेच कुणी टेस्ट थांबवली तरी तो कोड चालायचा. टेस्ट थांबवायची म्हणजे कंट्रोल आणि सी ही दोन बटणं एकदम दाबायची. दाबली की टेस्ट म्हणायची, ठीक आहे, कार्यक्रम रद्द, आणि खुर्च्या रचायला घ्यायची. त्याला थोडा वेळ लागायचा, एवढंच. मग हे कारकून मागे राहतात कसे?

गुरुवारी मी पहारा बसवला. एका खिडकीत बेवारस सर्व्हरांचा आकडा सतत दिसेल असं केलं आणि शिकाऱ्यासारखा दबा धरला. सकाळभर शून्य. जेवणानंतरही शून्य. मला वाटलं, माझ्या झाडूच्या धाकानेच हा रोग पळाला. असं यापूर्वी घडलेलं आहे. एकदा मी नुसता घराच्या बेसमेंटमध्ये उतरलो आणि घर गरम ठेवणारी, बंद पडलेली भट्टी सुरू झाली.

मग चहाची वेळ झाली.

इथे मला चहाबद्दल सांगावं लागेल. आमच्या बिल्डिंगमध्ये शेगडीला बंदी, कसल्याही. पण पॅन्ट्रीत एक विजेचं भांडं होतं. बीन्सची आमटी करण्याच्या ऑफिसातल्या स्पर्धेत कुणीतरी आणलं आणि हरल्यावर तिथेच टाकून गेलं. मावशींनी ते लिंबू-मीठ लावून असं घासलं, की स्पर्धेची आठवणही राहू नये, आणि रोज साडेतीनच्या सुमारास त्यात आल्याचा चहा उकळायला लागल्या. त्या चहाच्या वासाने दुसऱ्या मजल्यावरचे अकाउंटवाले जिना चढून यायचे. जे वर्षानुवर्षं लिफ्टशिवाय हलले नव्हते, ते सुद्धा. अडचण एकच. भांडं लहान, माणसं जास्त. पहिले पोचले त्यांना चहा, नंतरच्यांना वास.

“चहा!” पॅन्ट्रीतून मावशींची हाक आली. “या लवकर, गार होतोय!”

मजल्यावरच्या सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या. माझीही सरकली. आणि उठता उठता माझी नजर त्या आकड्यावर गेली. शून्य होतं तिथे आकडा भराभर वर चढत होता, मीटर नादुरुस्त असलेल्या रिक्षासारखा. मी जागच्या जागी थबकलो. आयुष्यात पहिल्यांदा मी चहाच्या दिशेने निघून थांबलो.

समोर नागपूरकर उभा राहून, एक पाय आधीच पॅन्ट्रीकडे वळवून, डाव्या हाताने कीबोर्डवर कंट्रोल-सी दाबत होता. खटाक. खटाक. दोनदा.

“थांब!” मी ओरडलो. “दोनदा का दाबलंस?”

“अबे सोड ना, चहा संपून राहिला!”

“दोनदा का दाबलंस ते सांग आधी!”

“एकदा दाबलं का ते लवकर थांबत नाही ना. आवरत बसते. दुसऱ्यांदा दाबलं का लगेच सुटका.” आणि तो सुटला.

मी आपल्या कीबोर्डकडे पाहिलं. माझी बोटं अजून त्याच दोन बटणांवर होती, आणि माझ्या स्क्रीनवरची टेस्टही दोनदा थांबवलेली होती. संशोधकाने प्रयोग स्वतःवर करावा लागतो, तो मी करून मोकळा झालो होतो.

तर असं होतं. पहिल्या दाबण्याने कार्यक्रम रद्द व्हायचा आणि मंडळाचे सेक्रेटरी खुर्च्या रचायला घ्यायचे. दुसऱ्या दाबण्याने आपण त्या सेक्रेटरींनाच दाराबाहेर काढायचो. मग आत कारकून बसलेलाच, दिवे चालूच. सगळा मजला रोज चहासाठी उठताना हे करत होता. साहेब आणि त्यांच्यासारखे मिनेसोटाकर एकदाच दाबायचे आणि हात बांधून उभे राहायचे. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून दिवसभर माशाची वाट बघणाऱ्या लोकांना आवरेपर्यंत थांबणं म्हणजे काय मोठं! त्यांना आमच्या चहाची घाई नव्हती.

मी पॅन्ट्रीत गेलो. भांडं रिकामं. मावशींनी माझ्यासाठी अर्धा कप बाजूला झाकून ठेवला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. या खेपेला शिंग-शेपूट काही न लावता.

मावशींच्या हातातला कप तसाच राहिला.

“म्हणजे माझ्या टेस्ट माझ्याच चहाने मारल्या?”

“चहाने नाही मावशी. घाईने.”

“घाई कुणी लावली? ‘गार होतोय, या लवकर’ कोण ओरडतं रोज?” त्यांनी कप खाली ठेवला. “बंद. उद्यापासून चहा बंद.”

नागपूरकर दारातच होता. त्याचा चेहरा पडला. “मावशी, असं नका ना बोलू. पाहिजे तर आम्ही टेस्ट चालवणं बंद करतो.”

मावशी हसल्या. सोमवारनंतर पहिल्यांदा. मग थोडा विचार करून म्हणाल्या, “उद्या चहा होईल. साहेबांच्या मीटिंगच्या वेळेला होईल. आणि बाकी कुणाला यातलं एक अक्षर कळता कामा नये. रोजच्यासारखेच उठू देत.”

शुक्रवारी जेवणाच्या जरा आधी काचेच्या मीटिंग रूममध्ये साहेब, मावशी आणि मी. मोठ्या स्क्रीनवर बेवारसांचा आकडा लावला होता, शून्य. त्याखाली वर्षभराची टेस्ट, संपत आलेली. मी उभा राहिलो. भाषण तयार होतं. सुरुवात मोहेंजोदडोपासून होती.

“साहेब,” मी इंग्रजीत म्हणालो, “मानवी संस्कृतीत आवराआवरीला...”

“गप रे,” मावशी मराठीत म्हणाल्या. “दाखवायचं आहे, सांगायचं नाही.”

त्या उठल्या, दार उघडलं आणि हाक दिली. काय हाक होती! काचा थरथरल्या, साहेबांच्या गळ्यातलं ओळखपत्र हललं, पार्किंगमध्ये दोन गाड्यांचे अलार्म वाजले.

“चहा! गार होतोय रे!”

मजला उठला. काचेतून साहेबांना सगळं दिसत होतं. उठलेली माणसं, एक हात कीबोर्डवर, खटाक खटाक, आणि पॅन्ट्रीकडे धूम. स्क्रीनवरचा आकडा उड्या मारत वर गेला. साहेबांनी एकदा माणसांकडे पाहिलं, एकदा आकड्याकडे. पुन्हा माणसांकडे.

“ट्वाइस,” साहेब म्हणाले.

“ट्वाइस,” मावशी म्हणाल्या. मग त्यांनी सरळ सांगून टाकलं, की टेस्ट आवरायला थांबतात, माणसं थांबत नाहीत, कारण भांड्यात चहा कमी आहे आणि हाक त्यांचीच असते. काहीही लपवलं नाही. मी मधे दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

मग मी झाडू चालवला. आकडा उतरायला लागला. एकेक कारकून वही मिटून, नमस्कार करून निघाला. खाली वर्षभराच्या टेस्टचा सर्व्हर, त्या मशीनमधला सगळ्यात म्हातारा, हललासुद्धा नाही. आकडा शून्यावर आला, आणि थोड्या वेळाने ती टेस्ट हिरवी झाली. वर्षभरात एका टेबलावर दोन गुडघे नाहीत.

साहेबांनी पुन्हा एकदा त्या हिरव्या निकालाकडे पाहिलं. मावशींनी टेबलाखाली पदर नसतानाही पदराचं टोक पिळावं तसं स्वेटरचं टोक धरलं होतं.

“वेल,” साहेब म्हणाले. “दॅट्स डिफरंट.”

जे मिनेसोटात राहत नाहीत त्यांना सांगतो, ही टाळ्यांचा कडकडाट, हार आणि पेढे यांची स्थानिक आवृत्ती आहे. मग त्यांनी त्यांच्या मानाने भाषणच केलं. टेस्ट राहणार. बाहेरचं टूल नको. मदतीची पानं दुसरं कुणी लिहील. आणि आवरत असताना दुसऱ्यांदा दाबलं तर टेस्टने ऐकू नये, असं मौशींनी करावं. ते मावशींनी तिथेच बसून केलं. दुसऱ्यांदा दाबलं की आता स्क्रीनवर ओळ येते: “आवरतेय. थांब जरा.” साहेबांनी याचा अर्थ विचारला. मी म्हणालो, हे आमच्याकडे फार प्राचीन वाक्य आहे. मावशी म्हणाल्या, “इट मीन्स वेट.” साहेबांनी मान हलवून ते मंजूर केलं. आज आमच्याकडचे पोलंडचे आणि टेक्ससचे प्रोग्रॅमरसुद्धा ती ओळ आली की हात वर करून थांबतात.

साहेब गेल्यावर मावशी खुर्चीत मागे टेकल्या. डोळे पुसले, चष्मा पुसला, परत लावला.

“वाचलो रे.”

“म्हटलं नव्हतं मी? सोमवारीच म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंस,” त्या म्हणाल्या. “तुझा तो झाडू आता रोज चालणार का?”

“रोज! मीच नसलो तरी चालणार. माझ्या मागे शंभर वर्षं चालणार. त्यात चूक सापडायची असेल तर ती आधी जन्माला यावी लागेल.”

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर मी ओळखायला हवी होती.

पुढच्या सोमवारी आलो, तर मावशी माझ्या आधी माझ्या खुर्चीत. हातात काही नाही, चेहऱ्यावर काही नाही.

“तुझ्या झाडूवर एक टेस्ट लिहिली,” त्या म्हणाल्या. “मशीन जुने नंबर पुन्हा वापरतं. माहिती आहे ना? धनी गेला, त्याचा नंबर मोकळा झाला, आणि तोच नंबर तिसऱ्याच कुणाला मिळाला. मग तुझा झाडू येणार, विचारणार, या नंबरचं कुणी आहे का? आहे म्हटल्यावर नमस्कार करून पुढे जाणार. आणि बेवारस बसला तिथेच.”

“मावशी, असं लाखात एकदा होतं.”

“माझ्या टेस्टमध्ये पहिल्याच खेपेला झालं.”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिच्यावर एकच ओळ होती, लालभडक. इतकी लाल, की माझ्या चेहऱ्यावर तिचा उजेड पडला. नागपूरकर पलीकडून डोकावला आणि म्हणाला, “अरे बाप्पा, शास्त्रशुद्ध झाडू!”

मावशी उठल्या, खुर्ची माझ्यासाठी मोकळी केली आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून.

“बस,” त्या म्हणाल्या. “नंबराबरोबर धनी सुरू झाल्याची वेळही जुळव.”

“मी अगदी हेच करणार होतो,” मी म्हणालो, आणि बसलो.